सतरावं नाव

मुद्रितं तपासण्याची मृणालच्या घरची पद्धत ठरलेली होती. सून हस्तलिखितावरून मोठ्यानं वाची, सासू हातातल्या मुद्रितावर पेन्सिलीनं बारीक खूण करी आणि प्रत्येक खुणेबरोबर ‘हं’ म्हणे. ‘हं’ आलं की पुढे जायचं. नाही आलं तर चूक सापडली असं समजायचं. या ‘हं’नं इतक्या वर्षांत कधी दगा दिला नव्हता. विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या मृणालची तीन मराठी पुस्तकं याच वाटेनं निर्दोष होऊन बाहेर पडली होती. मात्र ज्या पुस्तकावर तिची सगळी प्रतिष्ठा उभी होती, ते पहिलं पुस्तक इंग्रजीत होतं. ते हेमलताबाईंच्या पेन्सिलीखालून गेलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालचा जून होता. मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर कूलर ओल्या वाळ्याचा वास आणि पुष्कळसा आवाज यांपलीकडे काही देत नव्हता. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि राष्ट्राला आपल्या स्त्रियांची आठवण झाली होती. अशी आठवण राष्ट्राला दर पंचवीस वर्षांनी होते. मधल्या काळात त्यांनी स्वयंपाक करावा अशी अपेक्षा असते. या खेपेला आठवण काळ्या ग्रॅनाइटची होती. दिल्लीतल्या एका नव्या बागेत भिंत उभी राहणार होती आणि चळवळीत प्राण गेलेल्या स्त्रियांची नावं तिच्यावर देवनागरीत कोरली जाणार होती. महाराष्ट्राची यादी मृणालच्या पुस्तकावरून घेतली होती. तिनं ती फक्त तपासून द्यायची होती.

“सोळा. गोदावरी महादू शेलार, तळेगाव.”

“हं.”

“सतरा. अहिल्या भास्कर ओक, वाई. फेब्रुवारी चव्वेचाळीस, कारावासात.”

कूलर घरघरत राहिला. मृणालनं वर पाहिलं. हेमलताबाईंची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण हलत नव्हती.

“काय झालं आई? वेलांटी चुकलीय का?”

“वेलांट्या बरोबर आहेत.”

“मग?”

“ही मेली नाही.”

मृणाल हसली. संशोधकाला अशा हरकतींची सवय असते. “आई, येरवड्याच्या रजिस्टरात मी स्वतः पाहिलंय. आजारी म्हणून रुग्णालयात नेलं, पुढे नोंद नाही. नंतर कुठल्या यादीत नाही, शाळेत नाही, पक्षात नाही. मेली नाही तर गेली कुठे?”

“दिल्लीला,” हेमलताबाई म्हणाल्या. “सचिवालयातल्या एका कारकुनाशी लग्न करून.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, मुद्रिताच्या कडा जुळवल्या आणि चहाचं आधण ठेवायला त्या आत गेल्या. वीस वर्षांची असताना वाईहून आलेली, गेली बावन्न वर्षं दिल्लीत गव्हाच्या कणकेला नावं ठेवणारी ही बाई चालताना डावा पाय जरा ओढते, हे मृणालला रोज दिसत होतं. तापानंतर पाय असा राहिला, एवढं तिला माहीत होतं. कसला ताप, कधीचा, हे तिनं विचारलं नव्हतं.

मृणालनं एकशे सदतीस स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या होत्या. साताऱ्यात, वर्ध्यात, धुळ्यात, बसस्थानकांवर, देवळांच्या ओसऱ्यांवर. तिच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता: माहेरचं नाव? तो पहिला का, हेही तिनं प्रस्तावनेत थाटात सांगितलं होतं. मराठी घरांत लग्न होताना बाईचं आडनावच नव्हे, नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि जुनं तिथेच संपायचं. म्हणून महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा इतिहास लिहिणाऱ्यानं आधी त्या तांदळाखाली पाहावं, असं तिचं एक वाक्य होतं. परिसंवादांत ते वारंवार उद्धृत होई. दूर गावच्या एकशे सदतीस बायकांच्या तांदळाखाली पाहून ती घरी परतली होती, आणि ज्या बाईनं दार उघडून तिच्यासाठी पोळी तव्यावर टाकली होती, तिला तो प्रश्न विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

चहाबरोबर बाकीचं आलं. हेमलताबाईंनी ते गॅसच्या सिलिंडरचा नंबर कधी लागला हे सांगावं तशा आवाजात सांगितलं.

बेचाळीसच्या चळवळीतल्या भूमिगत बुलेटिनाचं स्टेन्सिल त्या कोरत, कारण अक्षर चांगलं होतं. वाटायचं काम शेवंता करी. शेवंता गोवऱ्या विकायची. गोवऱ्यांच्या पाटीखाली चाळीस कागद सहज मावत आणि पोलीस शेणाला हात लावत नसत. एकदा एकानं लावला. दोघी एकाच दिवशी धरल्या गेल्या. वडील सरकारी शाळेत मास्तर, त्यांची नोकरी जाईल म्हणून पोलिसांना आडनाव मामाचं सांगितलं. मामा आधीच तुरुंगात असल्यानं त्याचं काही बिघडायचं नव्हतं. तुरुंगात शिकलेल्या मुलीला वरचा वर्ग मिळाला, खाट मिळाली. गोवऱ्या विकणारीला जमीन आणि जातं. सव्वा वर्षानं विषमज्वराची साथ आली तेव्हा दोघींना एकाच गाडीतून रुग्णालयात नेलं. वरच्या वर्गातल्या बाईचं नाव लिहिलं. खालच्या वर्गातल्यांची मोजदाद केली.

“ती पाचव्या दिवशी गेली,” हेमलताबाई म्हणाल्या. “माझ्या शेजारी. मला शुद्ध होती.”

“आणि तुम्ही?”

“अण्णा आले. मुलगी पुन्हा राजकारणात पडणार नाही, असं हमीपत्र लिहून दिलं. मला बैलगाडीत घालून घरी नेलं. पुढल्या वर्षी हे स्थळ आलं. नोकरी इंग्रज सरकारची, बायकोचीही चौकशी व्हायची. यांना सगळं सांगितलं होतं. म्हणाले, नाव तर बदलायचंच आहे.” त्यांनी कप बशीत ठेवला. “माहेरी सगळे मला अक्काच म्हणायचे. तेव्हा काही अडलं नाही.”

वडिलांच्या नोकरीसाठी आडनाव गेलं होतं आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी नाव. दोन्ही नोकऱ्या पेन्शनसह पार पडल्या होत्या.

मृणालनं कपाटातून आपलं पुस्तक काढलं. पान दोनशे चौदा. तुरुंगाचं रजिस्टर सांगत होतं की अहिल्या ओक रुग्णालयात पाठवली. रुग्णालयाची एक चिठ्ठी सांगत होती की स्त्री कैदी एक, मृत. या दोन कागदांचा मृणालनं विवाह लावून दिला होता. दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असाव्यात अशी शक्यता दिसते, असं तिनं प्रामाणिकपणे तळटिपेत म्हटलं होतं. पण तळटिपा मागे राहतात आणि मजकूर पुढे जातो. तिच्या पुस्तकावरून लिहिणाऱ्यांनी शक्यता गाळली, आणि दुसऱ्या आवृत्तीत पानं कमी करायची म्हणून तिनं स्वतःही गाळली. तिनं ते पान दोनदा वाचलं. तिला काहीतरी वाटायला हवं होतं. कूलरमधलं पाणी संपत आलंय, एवढं तिच्या लक्षात आलं.

“मग भिंतीवर तिचं नाव हवं,” ती म्हणाली. “तुमच्या जागी शेवंताचं.”

“हो,” हेमलताबाई म्हणाल्या. “तेवढं बघ. बाकी मला काही नको.”

समितीचं कामकाज पाहणारे अवर सचिव गुणवंत मेश्राम भंडाऱ्याचे होते आणि मराठी माणूस समोर आला की खुर्ची जवळ ओढून बसत. त्यांच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि टेबलावर सतरा राज्यांच्या फायली. त्यांनी मृणालचं म्हणणं मध्ये एकदाही न बोलता ऐकलं.

“मॅडम, पहिल्यांदा तुमच्या सासूबाईंचं बोलू. त्या अहिल्या ओक आहेत याचा पुरावा?”

मृणालनं आणलेले कागद पुढे केले. सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत त्यांच्या नोकरीच्या चौकशीची प्रत निघाली होती. मेश्रामांनी ती वाचली आणि हलकेच हसले.

“‘पत्नी हेमलता. राजकीय संबंध नाहीत.’ म्हणजे सरकार लिहून देऊन राहिलं की या त्या नव्हेत. तुमचा फोन आला म्हणून अध्यक्षसाहेबांना मी काल सहज विचारलं, आमच्यात बाईचं नावच बदलतात म्हणून. ते म्हणाले, ‘सरनेम तो समझ में आता है मेश्रामजी, पर नाम? फिर लड़की को पता कैसे चलता है कि उसे बुला रहे हैं?’”

“तुम्ही काय सांगितलं?”

“म्हटलं, सर, चार-सहा महिन्यांत सवय होते.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता दुसरं. शेवंता. सहकैद्याचं शपथपत्र चालतं. पण सहकैदी म्हणजे अहिल्या, आणि अहिल्या तर मेलेली आहे. तुमच्याच पुस्तकात, पान दोनशे चौदा. आमच्याकडे तेच प्रमाण आहे.”

“मी ते पान मागे घेते. पत्र देते.”

“द्या ना. पण पत्राचं काय होईल ते आधी समजून घ्या.” मेश्रामांनी आवाज उतरवला, जणू ते घरच्या आजारपणाबद्दल बोलत होते. “पत्र आलं की अहिल्या हुतात्म्यांतून जाईल. जिवंतांच्या सत्काराच्या यादीत येणार नाही, कारण पुरावा नाही. शेवंता लागलीच येणार नाही, कारण साक्षीदार नाही. एक नाव जाईल, दुसरं येणार नाही. पत्र नाही दिलं तर चुकीचं का होईना, एक नाव राहील. दगड शुक्रवारी कारागिराकडे जातो.”

“काहीच मार्ग नाही?”

मेश्रामांनी एक छापील अर्ज तिच्याकडे सरकवला. “शेवंताचं पूर्ण नाव आणा. बापाचं नाव, गाव, आडनाव. एवढं मिळालं तर मी माझ्या अधिकारात साताऱ्याला फॅक्स करतो. गावच्या दफ्तरात मृत्यूची नोंद कधीकधी असते. आमच्या लोकांची जन्मापेक्षा मरणाची नोंद बरी ठेवत. तेवढी नोंद आली की साक्षीदाराचं मी पाहून घेईन.”

मृणाल अर्ज घेऊन निजामुद्दीनच्या पुलावरून परत आली. बसमध्ये तिनं तो तीनदा वाचला. चार रकाने होते. चार रकाने भरायला फारसं काही लागत नाही, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी मृणालचा नवरा श्रीरंग लवकर आला. तो गुडगावला एका परदेशी कंपनीत मार्केटिंग पाहत असे आणि त्या कंपनीनं भिंतीवरची प्रकाशयोजना प्रायोजित केली होती. तेव्हा राष्ट्राच्या आठवणीशी आठल्ये कुटुंबाचा संबंध दुहेरी होता. आई तुरुंगात होती ही बातमी त्याला मृणालनं फोनवर सांगितली होती. येताना तो मिठाई घेऊन आला.

“आई, कमाल आहे यार तुझी! सव्वा वर्ष जेल, आणि आम्हाला सातवीत इतिहासात पस्तीस मिळाले तेव्हा तू गप्प?”

“तुला पस्तीस मिळाले ते तू अभ्यास केला नाहीस म्हणून.”

चौदा वर्षांची ऋचा ताटाशी बसून आजीकडे टक लावून पाहत होती. “आजी, मतलब तुझं पूरा नाव चेंज केलं? फर्स्ट नेमपण? आणि तू हो म्हणालीस?”

“मला कोणी विचारलं नव्हतं गं. तांदळात लिहिलं, मी वाचलं.”

“मी तर नाही करू देणार.”

“नको करू देऊस,” हेमलताबाई म्हणाल्या आणि तिला आमटी वाढली.

श्रीरंगनं भिंतीचा हिशोब आपल्या पद्धतीनं मांडला. आईचं नाव आहे तर राहू द्यावं. मेलेल्यांच्या यादीत की जिवंतांच्या, हे दगड पाहणाऱ्याला काय कळतंय? कंपनीचे लोक येतील, आपण ऋचाला दाखवू, फोटो काढू. “आई, तू भोगलंस ना? मग तुझं नाव नको तिथे?”

“माझं मी भोगलं, माझं मी घरी आले,” हेमलताबाई म्हणाल्या. “मेली ती. तिच्या मरणावर माझं नाव नको.”

“पण तिचं लागणार नाहीये! मृणाल, सांग ना. लागणार आहे का?”

“लागेल,” मृणाल म्हणाली. “चार रकाने भरले तर.” तिनं ताट बाजूला सारून अर्ज पुढ्यात घेतला. पेनाचं टोपण काढताना तिच्या लक्षात आलं की ही तिची एकशे अडतिसावी मुलाखत आहे आणि आवाजही नकळत तोच लागला आहे, मऊ आणि धीराचा, परगावच्या ओसरीवरचा. “शेवंताचं पूर्ण नाव, आई?”

“शेवंता.”

“वडिलांचं नाव?”

हेमलताबाईंनी हात धुतले नव्हते. त्यांच्या बोटांवर भात वाळत होता.

“आडनाव सांगा. नाहीतर गाव. वाईतलीच होती का? पलीकडची? नदीच्या कुठल्या काठाची?”

“सकाळी यायची,” हेमलताबाई म्हणाल्या. “मागच्या दारानं. मी कागद द्यायचे, ती पाटी भरायची. तिला माझ्या घरातलं सगळं माहीत होतं. अण्णांचा दमा, आईचे उपास. तुरुंगातसुद्धा, अंगणात भेटलो की मीच बोलायचे.” त्या थांबल्या. “मला वाटायचं आम्ही मैत्रिणी आहोत.”

“आठवून बघा. एखादं नातेवाईक, एखादा भाऊ, कोणी भेटायला—”

“आठवायला मला माहीत असायला हवं ना. मी कधी विचारलंच नाही.”

श्रीरंगनं मिठाईचा डबा बंद केला. मृणालला वाटलं, आता तरी आपल्याला सासूचा राग यावा. राग आला नाही. पान दोनशे चौदा आणि हा रिकामा अर्ज एकाच अक्षरात लिहिलेले आहेत, एवढं तिला स्वच्छ दिसलं. आणि ते दिसल्यावरही ती पेनाचं टोपण लावायला विसरली नाही.

“मग राहू दे की तुझं,” श्रीरंग हळू म्हणाला. “निदान एक तर राहील, आई. त्या जागेवर कोणीतरी वाईची बाई होती, एवढं तरी.”

हेमलताबाई उठल्या, हात धुऊन आल्या आणि मृणालच्या समोर उभ्या राहिल्या.

“पत्र लिही,” त्या म्हणाल्या. “माझं नाव काढ.”

मृणालनं पत्र लिहिलं. पुस्तकातलं विधान निराधार असून ते आपण मागे घेत आहोत. अहिल्या ओक यांचा मृत्यू चव्वेचाळीस साली झालेला नाही. त्या जागी मृत्यू पावलेली स्त्री कैदी शेवंता ही होती, जिचं पूर्ण नाव प्रस्तुत लेखिकेस व माहीतगार व्यक्तीस ज्ञात नाही. ‘माहीतगार’ या शब्दापाशी ती थोडी थांबली. दुसरा मिळाला नाही.

मेश्रामांनी पत्र वाचलं आणि आवक शिक्का उमटवला.

“पूर्ण नाव नाहीच मिळालं?”

“नाही. सासूबाईंनी कधी विचारलं नव्हतं.”

“दोघी सोबत काम करत होत्या ना? तुरुंगाच्या आधीपण?”

“हो.”

मेश्रामांनी शिक्क्याची शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला. “नवल नाही,” ते म्हणाले. “माझ्या आजीचंही कोणी विचारलं नव्हतं. चहा घेणार?”

तिनं चहा घेतला.

भिंतीचं अनावरण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. त्या दिवशी मोटारी, शाळकरी मुलं आणि भाषणं होती. आठल्ये कुटुंबातून फक्त श्रीरंग गेला, तोही कंपनीचा बिल्ला लावून. मृणाल आणि हेमलताबाई नंतरच्या मंगळवारी सकाळी रिक्षानं गेल्या. बाग रिकामी होती. माळी नव्या हिरवळीला पाणी देत होता आणि हारांच्या फुलांचा कुजका वास अजून तिथे होता.

यादीतून एक नाव गेलं तरी ग्रॅनाइटला भोक पडलं नव्हतं. कारागिरानं पुढची सगळी नावं एकेक घर वर सरकवली होती. महाराष्ट्राच्या स्तंभाच्या तळाशी जी एक ओळ मोकळी राहिली, तिथे बारीक अक्षरांत प्रकाशयोजनेचं सौजन्य कोरलं होतं. ते श्रीरंगनं केलं नव्हतं. ते कोणीच मुद्दाम केलं नव्हतं. जागा होती, एवढंच.

“चष्मा घरी राहिला,” हेमलताबाई म्हणाल्या. “तू वाच.”

मृणाल वाचू लागली. उन्हात अक्षरं पांढरी दिसत होती. एकेक नाव ती स्वच्छ उच्चारी आणि शेजारून ‘हं’ येई, नेहमीच्याच सुरात. चूक नव्हती. मजकूर शुद्ध होता.

“गोदावरी महादू शेलार, तळेगाव.”

“हं.”

पुढचं नाव धुळ्याच्या एका बाईचं होतं. मृणालनं ते वाचायला तोंड उघडलं आणि ती थांबली. किती वेळ, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. माळ्यानं नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. हेमलताबाई भिंतीकडे पाहत होत्या, चष्म्याशिवाय, डावा पाय जरा पुढे टाकून.

मृणाल काही वाचत नव्हती.

“हं,” हेमलताबाई म्हणाल्या. “पुढे.”